आठवी मूठ

लोहारा, यवतमाळ
डिसेंबर, रविवार

चि. गुड्डीस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा फोन आला होता. तू संघनायिका झालीस आणि पुढच्या शनिवारी तुमची गाइड कंपनी आमच्या लोहाऱ्याकडे रात्रीच्या हाइकला येते आहे, हे ऐकून बरं वाटलं. सामानाची यादी मागितलीस म्हणे. ती तुमच्या बाई देतीलच. मी वेगळंच लिहितो.

तुझ्याच वयाचा असताना मीही संघनायक झालो होतो. गळ्यात शिट्टी, खिशावर पट्ट्या. सगळ्यांत पुढे आणि सगळ्यांत भरभर चालणं म्हणजेच नायकी, असा माझा समज. एका नाल्यापाशी वाट फुटत होती. मी न थांबता डावीकडे वळलो. पुढे एका पळसाखाली बसून आमच्यातल्या एकानं गूळ-शेंगदाण्याच्या मुठी वाटल्या, आणि एक मूठ उरली. आम्ही आठजण. कोण नाही, हे कळायलाही मला मान वळवून एकेक तोंड बघावं लागलं.

धावत मागे गेलो. नव्या कॅनव्हासच्या बुटांनी टाच सोललेला एक पोरगा त्या फाट्यावरच बसून होता. वाट चुकली तर आहे तिथंच बसायचं, हा धडा त्यानं पाळला होता. मला म्हणाला, "तुम्ही मोजाल, माहीत होतं." गुड्डी, मी मोजलं नव्हतं. उरलेल्या मुठीनं मोजलं होतं. हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही, आणि ते मला आजही टोचतं.

म्हणून तू शेवटी चाल. वाट शोधणारी पुढे, तिच्या मागोमाग जिची चाल सगळ्यांत मंद ती, आणि अगदी मागे तू. प्रत्येक फाट्यावर, प्रत्येक पाणवठ्यावर मोज. तोंडानं नव्हे, बोटानं. टाच चुरचुरते असं कुणी म्हणालं की फोड यायच्या आधीच पट्टी लाव. पोरी भिडेपोटी सांगत नाहीत, तेव्हा तूच विचार.

मागच्यांसाठी वाटेवर दगडांचे बाण ठेवाल, चुकीच्या वाटेवर फुली कराल. ओली फांदी मात्र मोडायची नाही. याच लोहाऱ्याच्या जंगलात 21 जुलै 1930 ला डॉ. हेडगेवारांच्या तुकडीनं गवत कापून सत्याग्रह केला आणि तुरुंग पत्करला. त्याच महिन्यात पुसदला लोकनायक अण्यांनीही तेच केलं होतं. तेव्हा सरकारी रानातलं गवत कापणं हे धाडस होतं. आज तिथलं काही न तोडता परत येणं जास्त अवघड झालंय, असं माझं मत. जंगलात विस्तवही नको. चूल आपल्या वावरातच मांडायची.

जेवणाला रोडगे करा, भांडी कमी लागतात. कणीक घट्ट मळा. गोवऱ्या पेटल्या की लगेच रोडगे टाकायची घाई होते, आणि मग बाहेरून कोळसा, आत कच्ची कणीक. जाळ बसून आर होऊ दे. वांगी त्याच आरात भाजून भरीत होईल. आणि हो, सगळं स्वतः करायला धावू नकोस. जी पोरगी सगळ्यांत वेंधळी तिच्या हाती काड्यापेटी दे आणि तू दोन पावलं लांब बस. हे फार कठीण असतं. मला तर पन्नाशीपर्यंत जमलं नाही.

तुझ्या संघात एमआयडीसीतल्या कामगाराची मुलगी आहे, वकिलाचीही आहे, आणि दोघींचं पटत नाही, असं आईनं सांगितलं. बेडन-पॉवेलनं 1907 मध्ये ब्राउनसी बेटावर वीसेक पोरांचं पहिलं शिबिर घेतलं, तेव्हा बड्या शाळांतली आणि कामकरी घरांतली पोरं मुद्दाम मिसळून चार संघ केले होते. तू त्या दोघींना पहाऱ्याची एकच पाळी दे. रात्री दोन वाजता थंडीत भांडायला अंगात जोर नसतो.

आता रात्रीचं. उघड्या जमिनीवर झोपू नका. मण्यार रात्रीच फिरते. तिचा दंश फारसा दुखत नाही, त्यामुळे झोपेत कळतही नाही. तंबूचा तळ नीट बंद करा, उठलात की आधी टॉर्च, मग पाय. सकाळी बूट झटकूनच घाला. कुणाला काही चावल्याचा संशय जरी आला, तरी चिरणं-चोखणं काही नाही, बाईंना उठवा आणि थेट यवतमाळचं सरकारी मेडिकल कॉलेज गाठा. ते इथून जवळ आहे.

पहाऱ्यावर ध्रुव शोधा. सप्तर्षी पूर्ण वर यायला सध्या मध्यरात्र उलटते, तोवर शर्मिष्ठेवरून शोधा. हात लांब करून मुठीवर मूठ ठेव, क्षितिजापासून दोन मुठी. आपण साधारण 20 अंश अक्षांशावर राहतो, म्हणून तो आपल्याकडे इतका खाली दिसतो.

मामीनं गोवऱ्या वाळवून ठेवल्यात. वांगी तुम्ही आणा, आणि शेंगदाणेही. किती मुठी लागतील, ते निघताना मला फोनवर सांग.

तुझा,
मामा