कपडा परत गेला, पैसे कुठे अडले?



या पत्रिकेतून आम्ही आपल्याशी नेहमी बेणे, सरीतील अंतर, खोडव्याची निगा आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी बोलत असतो. या वेळी विषय जरा वेगळा घेतला आहे. त्याला कारण घडले ते असे.

पांढरकवडा भागात ऊस नोंदीच्या कामासाठी गेलो होतो. काम आटोपून चहा घेताना एका सभासदाने मोबाइल पुढे केला आणि म्हणाले, "साहेब, पोरीसाठी ड्रेस बोलावला होता जी. फाटका निघाला. वापस केला, त्याला दीड महिना झाला. पैसे काही वापस आले नाहीत. फोन कोणी उचलत नाही. आता काय करावं?" तिथे आठ-दहा मंडळी बसली होती. त्यांपैकी तिघांची हीच कहाणी निघाली. एक जण म्हणाले, "जाऊ द्या न भाऊ, हजार-बाराशेसाठी कुठं त्या कंपनीच्या मागं लागता!"

पांढरकवड्याचा मुलूख मुळात कपाशीचा. कापूस आपण पिकवायचा आणि सदरा मात्र मोबाइलवरून दूरच्या गोदामातून मागवायचा, असा काळ आला आहे. त्यात वाईट काही नाही. पण दुकानदार समोर असला की पिशवी त्याच्या गादीवर ठेवून पैसे मागता येतात. इथे गादीही नाही आणि शेटजीही नाही. मग मागायचे कोणाकडे? आज हाच धडा आपण शिकणार आहोत.

आमच्याच घरचा अनुभव

दुसऱ्याला शहाणपण सांगण्यापूर्वी आमची फजिती सांगतो. घरी लग्नकार्य होते. घरच्यांनी ४ नोव्हेंबरला मोबाइलवरून दोन साड्या बोलावल्या व पैसे यूपीआयने भरले. ११ तारखेला पार्सल आले. एक साडी ठीक होती. दुसरी १,६५० रुपयांची. तिचा रंग चित्रातल्यापेक्षा वेगळा आणि पदराजवळ चीर गेलेली. १४ तारखेला कुरियरचा मुलगा साडी परत घेऊन गेला. त्याने पावती दिली नाही आणि आम्हीही मागितली नाही. ही पहिली चूक.

२० तारखेला ॲपवर अक्षरे उमटली, 'रिफंड पूर्ण झाला'. आम्ही निर्धास्त झालो. पंधरा दिवसांनी पासबुक भरून आणले तर नोंदच नाही. ॲपवर विचारले की यंत्राचे ठरावीक उत्तर येई, 'आपल्या संयमाबद्दल आभार'. असे पाच वेळा झाले. बोललेले सगळे हवेत गेले, हातात कागद एकही नाही. ही दुसरी चूक.

तिसरी चूक तर महागातच पडली असती. कंपनीचा फोन नंबर म्हणून इंटरनेटवर शोधले आणि जो नंबर वर दिसला तो लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. म्हणाला, "सर, लगेच पैसे टाकतो. एक छोटे ॲप घ्या आणि खाते तपासायला एक रुपया पाठवा." आमचे बोट पिनवर गेले होते. कॉलेजात शिकणारी मुलगी शेजारी होती, तिने फोन काढून घेतला. तो नंबर कंपनीचा नव्हताच. १,६५० रुपयांसाठी सगळे खाते रिकामे झाले असते.

त्या रात्री ध्यानात आले, की सभासदाला आम्ही रोज सांगतो ते स्वतःच विसरलो होतो. उसाची गाडी काट्यावर गेली की वजनपावती घेतल्याशिवाय आपण हलत नाही. नोंदीची तारीख चुकली तर चिटबॉयला गाठून दुरुस्त करून घेतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने उसाच्या पैशाला १४ दिवसांची मुदत आणि उशिराला १५ टक्के व्याज घातले, हे आपल्या पोरासोरांनाही पाठ आहे. म्हणजे पावती, तारीख आणि मुदत या तीन गोष्टी हातात असल्या की मागणी ही विनंती राहत नाही, ते येणे होते. साडीच्या पैशालाही हाच न्याय लागू आहे.

कायदा काय सांगतो

ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ साली झाला. त्यामागे महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यातून ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली होती. पुढे नवा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ साली झाला व जुलै २०२० पासून अमलात आला. मोबाइलवरून खरेदी करणारा हाही ग्राहकच, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे वेगळे नियम आले. त्यांतले आपल्या कामाचे तेवढे सांगतो.

१) प्रत्येक ऑनलाइन कंपनीने आपले कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क आपल्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर दाखवलेच पाहिजेत.

२) तक्रार आल्यापासून ४८ तासांत पोच आणि एक महिन्यात निवारण, ही त्या अधिकाऱ्याची जबाबदारी आहे.

३) माल सदोष, नकली किंवा जाहिरातीत दाखवल्याप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला तो परत घेण्यास वा पैसे देण्यास नकार देता येत नाही.

४) सदोष माल परत घेऊन बिलात लिहिलेल्या मुदतीत पैसे न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलात मुदत लिहिली नसेल तर ती ३० दिवसांची धरली जाते.

इथे एक गोष्ट खरी ती सांगितली पाहिजे. कपडा चांगला आहे, पण घरी आल्यावर मन बदलले किंवा रंग आवडेना, तर कायदा मदतीला येत नाही. तेव्हा कंपनीने स्वतः जी परतीची सवलत जाहीर केली असेल तेवढीच मिळते. म्हणून बोलावण्यापूर्वी परतीचे दिवस किती, हे वाचून घ्यावे.

पायरी पायरीने काय करावे

पहिली पायरी, पुरावा. पार्सल फोडतानाच घरातल्या कोणाला तरी मोबाइलवर चित्रण करायला सांगावे. पाकिटावरचा पत्ता आणि आतला कपडा दोन्ही एका चित्रणात आले पाहिजेत. बिल, ऑर्डरचा क्रमांक, पैसे भरल्याची नोंद आणि 'माल परत घेतला' हा संदेश जपून ठेवावा. कुरियरवाल्याने पावती दिली नाही तर पाकीट त्याच्या हाती देतानाचा फोटो घ्यावा.

दुसरी पायरी, लेखी तक्रार. ॲपवरच्या यंत्राशी बोलत बसू नये. कंपनीच्या स्वतःच्या ॲपवर अगदी तळाशी तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ई-मेल असतो, त्यावर लिहावे. आम्ही लिहिले ते पत्र नमुना म्हणून देतो :

'आपल्याकडून ऑर्डर क्रमांक अमुक अन्वये घेतलेली साडी फाटकी व चित्राहून वेगळ्या रंगाची निघाली. ती आपल्या माणसाने दि. १४ नोव्हेंबर रोजी परत नेली. रक्कम रु. १,६५० आजपर्यंत आमच्या बँक खात्यात जमा नाही. खात्याचा उतारा जोडला आहे. रक्कम पाठवली असल्यास तिचा यूटीआर क्रमांक व तारीख कळवावी. पाठवली नसल्यास ज्या खात्यातून पैसे भरले त्याच खात्यात ती जमा करावी. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे ४८ तासांत पोच व एक महिन्यात निवारण अपेक्षित आहे. तसे न झाल्यास ग्राहक आयोगाकडे जावे लागेल.'

पत्रात राग नको, शिवी नको. तारीख, रक्कम आणि मागणी एवढे पुरे.

यूटीआर क्रमांकाचा मुद्दा नीट समजून घ्यावा. बँकेतून पैसे निघाले की त्या व्यवहाराला एक क्रमांक पडतो. काट्यावरच्या पावतीला नंबर असतो तसाच हा. कंपनीने खरेच पैसे पाठवले असतील तर तिला क्रमांक देता येतो आणि तो दाखवला की आपली बँक शोध घेते. क्रमांक देता येत नसेल तर पैसे निघालेच नाहीत, असे समजावे.

आमच्या बाबतीत तेच निघाले. १० डिसेंबरला पत्र पाठवले, १२ ला पोच आली. महिना उलटला तरी उत्तर एकच, 'रिफंड पूर्ण'. यूटीआर मात्र मिळेना. शेवटी उलगडा झाला, की पैसे आमच्या बँकेत न टाकता कंपनीने आपल्याच ॲपमधल्या 'वॉलेट'मध्ये टाकले होते. म्हणजे त्या पैशातून पुन्हा त्यांच्याच दुकानात खरेदी करायची! अशी पद्धत इतरत्रही होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला या टॅक्सी कंपनीला आदेश दिला, की परतावा बँक खात्यात हवा की कूपन म्हणून, हे ग्राहकाला निवडता आले पाहिजे. म्हणून सभासदांनी 'रिफंड झाला' या शब्दांवर न जाता पासबुक पाहावे.

तिसरी पायरी, १९१५. हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. मराठीत बोलता येते. तक्रार नोंदवून क्रमांक देतात आणि ती कंपनीकडे पाठवतात. हे न्यायालय नव्हे, हुकूम काढत नाही. पण सरकारी यंत्रणेकडून विचारणा आली की बऱ्याच कंपन्या जाग्या होतात. आम्ही १२ जानेवारीला नोंद केली. २७ जानेवारीला १,६५० रुपये खात्यात जमा झाले. साडी परत गेल्यापासून ७४ दिवस लागले. पत्र पहिल्याच आठवड्यात लिहिले असते तर बरेच दिवस वाचले असते.

कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडेही लेखी हरकत घेता येते. तिला चार्जबॅक म्हणतात. तिला मुदत असते, म्हणून ती उशिरा करू नये.

चौथी पायरी, जिल्हा ग्राहक आयोग. इथे पुष्कळांचा गैरसमज आहे, की कंपनी बंगळूरची म्हणजे खटला बंगळूरला. तसे नाही. २०१९ च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते. पांढरकवड्याच्या सभासदाने यवतमाळच्या आयोगाकडे जावे. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार केली पाहिजे. जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या 'ई-जागृती' या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्याही ती दाखल करता येते. रकमेबरोबर व्याज, नुकसानभरपाई आणि खर्चही मागता येतो. मात्र निकालाला वेळ लागतो, म्हणून आधीच्या तीन पायऱ्या सोडून एकदम इथे उडी मारू नये.

दुकानच खोटे असेल तर?

वर सांगितले ते खऱ्या पण दाद न देणाऱ्या कंपनीसाठी. काही वेळा कंपनीच नसते. पाचशे रुपयांत पाच साड्या अशी जाहिरात येते. तिच्यावर पत्ता नाही, तक्रार अधिकाऱ्याचे नाव नाही आणि पैसे मात्र आधी भरा. तिथे पत्रव्यवहारात दिवस घालवू नयेत. ही फसवणूक आहे. ताबडतोब १९३० या सायबर गुन्ह्यांच्या नंबरवर फोन करावा, बँकेला कळवावे आणि पोलिसांत तक्रार द्यावी. जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची आशा जास्त.

एवढे घरात सर्वांना सांगा

• कंपनीचा नंबर तिच्या स्वतःच्या ॲपवरूनच घ्यावा, इंटरनेटवर शोधून नव्हे.
• पैसे घेताना पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन मागितला की समजावे, पैसे जाणार आहेत.
• ओटीपी कोणाला सांगू नये. परताव्यासाठी नवे ॲप घ्यायला सांगितले तर फोन ठेवावा.
• प्रत्येक तक्रारीचा क्रमांक आणि तारीख वहीत लिहावी.

आता "हजार-बाराशेसाठी कुठं मागं लागता" या प्रश्नाचे उत्तर. हजार रुपये म्हणजे आपल्या शिवारातल्या कष्टाचे किती तास, हे आम्ही सांगायला नको. शिवाय आपण प्रत्येकाने हजार सोडले तर कंपनीकडे लाखो राहतात, आणि तिला सुधारण्याचे कारण उरत नाही. एकट्या शेतकऱ्याचे कोणी ऐकत नव्हते म्हणून १९५० साली प्रवरेच्या काठी सहकारी कारखाना उभा राहिला. आपलाही कारखाना त्याच वाटेवरचा. जो हिशोब आपण काट्यावर मागतो, तोच मोबाइलवरच्या दुकानाकडे मागायला संकोच कसला?

चहाच्या वेळी भेटलेल्या त्या सभासदाचे पत्र आम्ही तिथेच बसून त्यांच्या मुलीकडून लिहून घेतले. ज्यांना पत्र लिहिण्यास अडचण असेल त्यांनी बिल व बँकेचा उतारा घेऊन गट कार्यालयात यावे. उसाच्या नोंदीबरोबर तेही काम करून देऊ.

आपला,
ऊस विकास अधिकारी