याजकाने पुन्हा पाहावे

शास्त्रपाठ: लेवीय १३:१-८, मार्क १:४०-४५



लेवीयच्या १३ व्या अध्यायात याजकाने रोग्याची त्वचा नीट तपासायची आहे आणि शंका राहिली तर ७ दिवसांनी पुन्हा तपासायची आहे. हा धडा मी सिंदेवाही तालुक्यातील एका काकांच्या घरी शिकलो.

काकांना कुष्ठरोगाची रिॲक्शन आली होती. नसा सुजून हातपाय निकामी होऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या कित्येक महिने घ्याव्या लागतात. एका भेटीत त्यांच्या बोटांच्या बेचक्यांत आणि कोपरांवर जाड, पांढुरक्या खपल्या दिसल्या.

"काका, खाज येते का?"

"नाही जी."

मला तो कोरडेपणा वाटला. खोबरेल तेल लावायला सांगून, प्रार्थना करून मी निघालो. पुढच्या भेटीत पाहतो तर घरातली सगळी लेकरे खाजवत होती. दवाखान्यात खपली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा कळले की ही खरूज आहे.

साध्या खरजेत अंगावर साधारण १०-१५ किडे असतात. स्टेरॉइडमुळे प्रतिकारशक्ती दबली की ते बेसुमार वाढतात, कधी लाखांवर जातात. खाज मात्र कमी असते किंवा नसतेच, कारण ती शरीराच्या प्रतिकारातूनच उठते. शिवाय बधिर त्वचेला ती कळत नाही. खपल्यांच्या भेगांतून जंतू रक्तात गेले तर जीवही जाऊ शकतो. १८४८ साली नॉर्वेतील डॅनिएलसन आणि बोएक या डॉक्टरांनी कुष्ठरुग्णांमध्येच या दुर्मिळ रोगाचे वर्णन केले. म्हणून त्याला नॉर्वेजियन खरूज म्हणतात.

भेटीला जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे:

१. स्टेरॉइड घेणाऱ्याची त्वचा दर वेळी उजेडात पाहा. खाज नाही म्हणून निर्धास्त राहू नका.
२. स्टेरॉइडच्या गोळ्या अचानक बंद करणे जिवावर बेतू शकते. गोळ्या तशाच चालू ठेवून रोग्याला डॉक्टरांकडे न्या.
३. घरातील सर्वांचा उपचार एकाच वेळी करवून घ्या. कपडे व अंथरूण गरम पाण्यात धुवा.

प्रभू येशूने कुष्ठरोग्याला हात लावला आणि मग त्याला याजकाकडे तपासणीसाठी पाठवले. मी काकांचा हात हातात घेऊन प्रार्थना केली होती, पण त्या हाताकडे नीट पाहिले नव्हते. आता काकांची त्वचा स्वच्छ आहे, लेकरेही बरी आहेत.

प्रार्थनेचा विषय: दीर्घकाळ औषधे घेणारे रुग्ण आणि त्यांच्या घरी जाणारे आपले कार्यकर्ते.