संवादाचा साचा आणि हरवलेली कडवी

गोविंद बल्लाळ देवल १९१६ साली गेले, राम गणेश गडकरी १९१९ साली. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी प्रताधिकार संपतो, त्यामुळे त्यांची नाटके आज विकिस्रोतावर कोणीही उतरवू शकते. अशा जुन्या संगीत नाटकांचे मुद्रितशोधन करताना आलेला एक अनुभव नवीन मंडळींना उपयोगी पडेल.

नाटकात पात्राचे नाव ठळक, रंगसूचना कंसात, मग संवाद. हे ओळीओळीला हाताने करायचे म्हटले की चार टंकणाऱ्यांची चार वळणे होतात. म्हणून संवादासाठी एक साचा ठरला: पात्र, रंगसूचना आणि मजकूर भरायचा, रूप सगळीकडे एकच. काम झपाट्याने होऊ लागले. पुढे छापील पानाशी ताडून पाहताना माझ्या लक्षात आले, की कित्येक पदे अर्ध्यावरच संपत होती.

दोष होता दंडाचा. चरणाच्या शेवटी ‘।’ ऐवजी कळफलकावरची उभी रेघ ‘|’ टंकलेली होती. साच्याच्या आत ही रेघ आली, की पुढे नवा घटक सुरू झाला असे विकी मानते. आमच्या साच्यात अशा जादा घटकाला जागाच नव्हती, त्यामुळे रेघेपुढचा मजकूर पानावर उमटलाच नाही. धोक्याची सूचनाही कुठे दिसली नाही.

म्हणून चार गोष्टी सांभाळा. साच्यात देवनागरी दंडच वापरा. घटकांची नावे साच्यात आहेत तशीच लिहा. ‘रंगसूचना’तला ‘सू’ ऱ्हस्व झाला तरी ती सूचना गायब होते. साच्यात बदल करायचा तर आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, करून पाहा, कारण तो बदल साचा वापरणाऱ्या प्रत्येक पानावर पोचतो. आणि जतन करण्यापूर्वी ‘झलक’ उघडून प्रत्येक संवादाचा शेवटचा शब्द छापील पानाशी ताडा.

माझे मत विचाराल तर साचा फक्त पात्राच्या नावापुरता ठेवावा आणि संवाद व पदे त्याच्या बाहेर मोकळी असावीत. मांडणी नंतर केव्हाही सुधारता येते. हरवलेले कडवे मात्र मूळ पुस्तक समोर ठेवून कोणीतरी पुन्हा वाचेपर्यंत सापडत नाही.