तुटलेला बोल्ट काढताना : पुढची वाट बंद करू नका



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण थर्मोस्टॅट हाउसिंगचा तुटलेला बोल्ट काढला. व्हिडिओत हात दिसतात, पण कुठली पायरी आधी आणि का, हे नीट बोलायला वेळ पुरत नाही. म्हणून हा धडा लिहून देतोय. घरी स्वतःची गाडी खोलणाऱ्यांसाठी, आणि ज्यांनी नवीन गॅरेज टाकलंय त्यांच्यासाठीही.

बोल्ट पाच-दहा रुपयांचा असतो. तो ज्यात अडकलाय ते अ‍ॅल्युमिनियमचं हेड हजारोंचं. बोल्ट तुटला म्हणून हेड वाया जात नाही. ते वाया जातं त्यानंतरच्या घाईत. म्हणून नियम एकच: अशी पायरी निवडा की ती फसली तरी पुढची पायरी शिल्लक राहील.

आधी विचारा : कधी तुटला?

घट्ट करताना तुटला असेल, तर आतला तुकडा बहुतेक वेळा जाम नसतो. डोकं तुटल्यावर त्याच्यावरचा ताण गेलेला असतो. टोकदार पंच कडेला लावून घड्याळाच्या उलट दिशेने हलके ठोके मारले, तरी तो फिरायला लागतो.

काढताना तुटला असेल, तर तो आत धरलाय. लोखंडी बोल्ट, अ‍ॅल्युमिनियमचं हेड आणि मध्ये कूलंटचा ओलावा, यातून गंज आणि पांढरी पूड तयार होते आणि आटे गच्च होतात. इथे जोर नाही, वेळ द्यायचा.

पायऱ्या, याच क्रमाने

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. जवळची उघडी भोकं स्वच्छ कापडाने बंद करा, नाहीतर ड्रिलचा चुरा आत जाईल. वायर ब्रशने घासून गंज सोडवणारं तेल मारा आणि शक्य असेल तर रात्रभर ठेवा.

२. तुकडा वर दिसत असेल तर व्हाइस ग्रिपने धरा. सरळ उलटा खेचू नका. थोडा पुढे, थोडा मागे, असं हलवा. हलला की पुन्हा तेल.

३. तरीही ढिम्म? मग उष्णता. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे भोक किंचित सैल होतं. हीट गन वापरा, बोल्टच्या आजूबाजूचा भाग तापवा. त्याआधी मारलेलं तेल पुसून काढा. पेट्रोलची लाइन जवळ असेल तर ही पायरी घरी करूच नका.

४. वेल्डरकडून तुकड्यावर नट वेल्ड करून घेणं हा जाम बोल्टवर फार चांगला उपाय. पकडायला नट मिळतो आणि वेल्डची उष्णता आटेही सोडवते. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढायला विसरू नका, नाहीतर ईसीयू धोक्यात येतो.

५. शेवटी ड्रिल. तुकड्याचा माथा कानसीने सपाट करा आणि बरोबर मध्यभागी सेंटर पंच मारा. एम-६ बोल्टला आधी अडीच-तीन मिलिमीटरचा बिट, कमी वेगात, तेल टाकत. बिट डाव्या फिरतीचा मिळाला तर उत्तम. भोक पाडतानाच कधी कधी तुकडा बाहेर येतो.

इझी-आउटबद्दल सावध

बाजारात इझी-आउट स्वस्तात मिळतो आणि नाव ऐकून वाटतं, काम झालंच. पण तो कडक स्टीलचा, म्हणून ठिसूळ. जाम बोल्टमध्ये तो तुटला तर साधा ड्रिल बिट त्याला कापू शकत नाही. मग हेड उतरवून मशीन शॉपला न्यायची वेळ येते. जी पायरी पुढची वाट बंद करते ती हीच. हाताला पहिला प्रतिकार जाणवला की थांबा.

आटे गेलेच, तरी हेड फेकायचं नाही. आटे पाडून हेलिकॉइल बसवता येतो. तो नीट बसला की जोड पक्का होतो. नुसता टॅप पुन्हा मारायचा असेल, तर एम-६ ला ५ आणि नेहमीच्या एम-८ ला ६.८ मिलिमीटरचं भोक लागतं.

परत बसवताना नवा बोल्ट घ्या, आटे साफ करा आणि कंपनीच्या मॅन्युअलमधला टॉर्क पाळा. एम-६ साठी तो बऱ्याचदा १० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. लांब पान्यावर हे हाताला फारच कमी वाटतं, आणि म्हणूनच बोल्ट तुटतात.

गॅरेजवाल्यांसाठी हिशोब

गंजलेला बोल्ट दिसला की पाना लावायच्या आधी फोटो काढा आणि ग्राहकाला सांगा: "साहेब, हा तुटू शकतो. तुटला तर वेगळी मजुरी लागेल." जॉब कार्डवर तसं लिहा. तेच वाक्य बोल्ट तुटल्यावर बोललात तर ती सबब वाटते, आधी बोललात तर सल्ला वाटतो. मजुरी बोल्टच्या किमतीवरून नाही, वेळ आणि जोखमीवरून ठरवा.

आणि आपण कुठे थांबणार, हे सुरुवातीलाच ठरवा. लेथवाल्याकडे चांगलं हेड पाठवणं परवडतं, वेड्यावाकड्या भोकांचं हेड पाठवणं महागात पडतं.

सरावासाठी भंगारातून एक जुनं हेड आणा, त्यात मुद्दाम एक बोल्ट तोडा आणि या पायऱ्या करून बघा. ग्राहकाच्या गाडीवर पहिला प्रयोग नको. भेटूया पुढच्या व्हिडिओत!