औषधसुरक्षेचे प्रगत प्रशिक्षण

औषधनिर्माता म्हणजे चिठ्ठी वाचून गोळ्या मोजून देणारा, ही समजूत आपल्या समाजात खोलवर रुजलेली आहे. रुग्णालयात त्याचे काम त्याहून पुष्कळ मोठे असते. अमेरिकेत फार्म.डी. ही पदवी मिळविल्यानंतर इच्छुकांना रुग्णालयात एक वर्षाचे निवासी प्रशिक्षण घेता येते आणि त्यापुढील दुसरे वर्ष एखाद्या विशेष शाखेला देता येते. औषधसुरक्षा ही त्यांपैकीच एक शाखा होय.

या दुसऱ्या वर्षात, चूक कोणत्या वाटेने रुग्णापर्यंत पोहोचते, याचा माग काढण्यास प्रामुख्याने शिकविले जाते. मेथोट्रेक्सेटचे उदाहरण घेऊ. संधिवातात हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतले गेल्यास अस्थिमज्जेतील रक्तपेशींची निर्मिती खुंटते आणि प्रसंग प्राणावर बेततो. असे मृत्यू परदेशांत नोंदले गेले आहेत. ‘रुग्णाने नीट वाचले नाही’ असे म्हणून प्रकरण मिटविणे सोपे असते. प्रशिक्षणार्थीने मात्र पुढे विचारावयाचे असते : चिठ्ठीत वार लिहिला होता काय? एका वेळी किती आठवड्यांच्या गोळ्या दिल्या? संगणकाने रोजची मात्रा मुकाट्याने स्वीकारली काय? वार लिहितानाही सोमवार टाळावा असा सल्ला तज्ज्ञ देतात, कारण घाईत लिहिलेला ‘मंडे’ हा इंग्रजी शब्द ‘मॉर्निंग’ असा वाचला जाऊ शकतो. इतक्या बारकाव्यात शिरावे लागते.

पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र द्रावण पातळ न करता शिरेत गेले, तर हृदय बंद पडू शकते. ते दुसऱ्या साध्या औषधाशेजारी, तशाच दिसणाऱ्या कुपीत ठेवलेले असेल, तर रात्रपाळीच्या परिचारिकेला ‘जपून काम करा’ एवढेच बजावून काय साधणार? अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने १९९८ साली अशा मृत्यूंचा आढावा घेतला आणि पुरेशी खबरदारी नसेल तेथे हे द्रावण औषधविभागाबाहेर ठेवू नये, अशी शिफारस केली. कपाटातील जागा बदलणे हाच येथे खरा उपचार, असे आम्हांस वाटते.

भारतात २००८ साली सहा वर्षांच्या फार्म.डी. अभ्यासक्रमाचे नियम लागू झाले. त्यातील अखेरचे वर्ष प्रत्यक्ष रुग्णालयातील उमेदवारीचे असते. त्यापुढील, केवळ औषधसुरक्षेला वाहिलेले वर्ष मात्र आपल्याकडे अद्याप रूढ झालेले नाही. अशा प्रशिक्षणासाठी निधी उभा करणेही कठीण जाते. नव्या यंत्रावर देणगीदाराचे नाव कोरता येते. टळलेल्या चुकीवर ते कोठे कोरावे? तरीही विश्वस्त मंडळाने या खर्चाचा विचार यंत्रसामग्रीच्या बरोबरीने करावा, असे आमचे मत आहे.

या प्रशिक्षणातील एक पाठ कुटुंबीयांच्या साहाय्याने आजही अमलात आणता येईल. रुग्णास दाखल करताना घरी चालू असलेली सर्व औषधे, आयुर्वेदिक काढे आणि दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांसुद्धा, एका पिशवीत घालून आणावीत. नव्या चिठ्ठीशी ती ताडून पाहिली, की एकच औषध दोन नावांनी चालू असल्यास तेथेच लक्षात येते.