स्पर्शावाचून वाजणारे वाद्य

उन्हाळ्याच्या दिवसांत छताचा पंखा एकाएकी मंदावतो. बटण कितीही फिरविले तरी त्याला जोर येत नाही. काठीने ढोसावे तेव्हा कोठे तो कुरकुरत फिरू लागतो. मग वायरमन येतो, वीज बंद करून वरची टोपी खाली सरकवितो, आतील लहानशी डबी काढून पाहतो आणि म्हणतो, "कंडेन्सर गेला." नवी डबी बसविताच पंखा पूर्ववत भिरभिरू लागतो.

वायरमन जिला कंडेन्सर म्हणतो, त्या वस्तूला शास्त्राच्या परिभाषेत धारित्र असे नाव आहे. धारित्राची रचना मुळात अगदी साधी असते. धातूचे दोन पत्रे समोरासमोर ठेवावयाचे, परंतु त्यांचा एकमेकांस स्पर्श होऊ द्यावयाचा नाही. मध्ये हवा, काच किंवा कागद असा, वीज वाहू न देणारा पदार्थ असला पाहिजे. अशा जोडीत विजेचा भार साठून राहतो. भार साठविण्याच्या या शक्तीला धारिता म्हणतात. पत्रे मोठे असले तर धारिता अधिक, लहान असले तर कमी. मधला पदार्थ बदलला तर धारिताही बदलते. शिवाय पत्रे जवळ आणले की ती वाढते व दूर नेले की ती घटते. मुलांनो, हा शेवटचा नियम नीट ध्यानात ठेवा. पुढील साऱ्या कथेचा पाया तोच आहे.

वीज अशी साठविता येते, हे मनुष्याला प्रथम कळले ते धक्का बसूनच. १७४५ साली पोमेरेनिया प्रांतात क्लाइस्ट याला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी हॉलंडमधील लायडन येथे मुशेनब्रुक या प्राध्यापकाला काचेच्या भांड्यात वीज साठविण्याची युक्ती सापडली. मुशेनब्रुकला बसलेला धक्का इतका जबर होता, की फ्रान्सचे राज्य मिळाले तरी तो प्रयोग मी पुन्हा करणार नाही, अशा अर्थाचे पत्र त्याने १७४६ साली लिहिले. ते भांडे पुढे 'लायडनची बरणी' म्हणून प्रसिद्धीस आले. आपल्या पंख्यातील डबी ही त्या बरणीचीच दूरची नात होय.

आता आपण १९२० सालच्या रशियात जाऊ. पेट्रोग्राड शहरातील एका भौतिकशास्त्राच्या संस्थेत लेव्ह तेर्मेन नावाचा चोवीस वर्षांचा तरुण काम करीत होता. तो शास्त्रज्ञ तर होताच, पण चेलो हे मोठे तंतुवाद्यही तो शिकलेला होता. वायूंचे विद्युत्‌विषयक गुणधर्म मोजण्याचे एक उपकरण त्याने तयार केले होते. धारित्राच्या दोन पत्र्यांमध्ये वायू भरावयाचा, त्यामुळे धारितेत होणारा फरक ध्वनीत रूपांतरित करावयाचा आणि तो ध्वनी कानाने ऐकावयाचा, अशी त्याची योजना होती. काम करताना तेर्मेनच्या लक्षात एक विलक्षण गोष्ट आली. वायूत काही फरक झालेला नसतानाही ध्वनी बदलत होता. हात जवळ नेला की स्वर एकीकडे सरके, दूर नेला की दुसरीकडे.

मापन करणाऱ्याच्या दृष्टीने ही खोडच होती. दुसरा कोणी असता तर त्याने हात आवरून धरला असता, उपकरणाला धातूचे आवरण घातले असते आणि खोड दूर झाल्याचे समाधान मानले असते. तेर्मेनने मात्र ती खोड कान देऊन ऐकली. हात हलवून त्याने एक स्वर काढला, मग दुसरा काढला, आणि पाहता पाहता त्याला ओळखीच्या चाली वाजविता येऊ लागल्या! मापनाचे उपकरण गाऊ लागले होते.

हे कसे घडले? आपले शरीर विजेचे वाहक आहे. यंत्राची उभी धातूची कांडी हा धारित्राचा एक पत्रा मानला, तर तिच्यासमोर धरलेला आपला हात हाच दुसरा पत्रा होतो. मधली हवा हा वीजरोधक पदार्थ. हात पुढेमागे झाला की धारिता किंचित बदलते. हा फरक इतका सूक्ष्म असतो, की तो टिपणार कसा? तेर्मेनने यंत्रात दोन विद्युत्‌मंडले योजली. दोहोंतही विजेची आंदोलने इतक्या वेगाने चालत, की ती कानाला ऐकू येणे शक्य नव्हते. एका मंडलाचा वेग कायम राही, तर दुसऱ्याचा वेग हाताच्या अंतराप्रमाणे बदले. या दोन वेगांमधील जो फरक, तेवढाच ध्वनिरूपाने बाहेर पडे.

तंबोरा जुळविताना तुम्ही कधी जवळ बसला आहात काय? दोन तारा जवळजवळ एका स्वरात आल्या, पण पूर्ण मिळाल्या नाहीत, म्हणजे त्यांच्या नादात एक डोलणारी लहर उमटते. तारा जसजशा मिळत जातात, तसतशी ती लहर संथ होते व शेवटी विरून जाते. गवई त्या लहरीवरूनच ताऱ्यांमधील अंतर ओळखतो. तेर्मेनचे यंत्र याच तत्त्वावर चालते. उजवा हात कांडीजवळ नेला की स्वर चढतो. डावा हात दुसऱ्या बाजूच्या धातूच्या वळ्यापाशी नेला की आवाज लहान होतो. वाद्याला बोटही न लावता गाणे उमटते.

१९२२ साली तेर्मेनने हे वाद्य क्रेमलिनमध्ये लेनिनपुढे वाजवून दाखविले. लेनिननेही स्वतः हात चालवून पाहिला. त्याच वेळी तेर्मेनने याच तत्त्वावरील दुसरे एक उपकरण दाखविले. कोणी जवळ आले की घंटा वाजवून सूचना देणारा तो पहारेकरी होता. गाणारे यंत्र आणि राखण करणारे यंत्र, दोघांचा जन्म एकाच निरीक्षणातून झाला होता.

१९२७ साली तेर्मेन अमेरिकेत गेला. तेथे त्याचे नाव 'थेरेमिन' असे रूढ झाले व वाद्यालाही तेच नाव मिळाले. १९२८ साली त्याला त्याचे एकस्व मिळाले. पुढे एका मोठ्या कंपनीने अशी सुमारे ५०० वाद्ये तयार केली, पण ती फारशी खपली नाहीत. कारण उघड होते. या वाद्याला ना पडदे, ना पट्ट्या. केसभर हात हलला तरी सूर ढळे. त्याला वश करावयास असामान्य कानच हवा होता. असा कान क्लारा रॉकमोर या तरुणीपाशी होता. ती लहानपणापासून व्हायोलिन वाजवीत असे, परंतु हाताच्या विकारामुळे तिला ते वाद्य सोडावे लागले होते. ज्या हाताला गजाचा भार सोसवेना, त्याच हाताने तिने हवेतून असे करुणमधुर सूर काढले, की श्रोते थक्क होत.

१९३८ साली तेर्मेन मायदेशी परतला. दुसऱ्याच वर्षी त्याला अटक झाली. कोलिमाच्या गोठलेल्या प्रदेशातील कैद्यांच्या छावणीत त्याची रवानगी झाली. पुढे त्याला कैदी शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत आणले गेले आणि तेथे त्याच्याकडून वेगळेच काम करवून घेण्यात आले. १९४५ साली मॉस्कोतील अमेरिकन राजदूताला कोरीव लाकडी राजमुद्रा भेट देण्यात आली. तिच्या आत तेर्मेनने बनविलेले एक लहानसे उपकरण दडविलेले होते. त्यात बॅटरी नव्हती, बाहेरून आलेली तारही नव्हती. एक पातळ पडदा व त्यासमोर धातूचा एक तुकडा, एवढेच त्याचे मर्म. खोलीतील बोलण्याने पडदा थरथरे, मधले अंतर बदले व त्याबरोबर धारिताही बदले. बाहेरून सोडलेल्या रेडिओलहरींतून ते बोलणे शत्रूला ऐकू जाई. १९५२ सालापर्यंत ते उपकरण सापडले नाही.

तत्त्व एकच, परंतु एकदा त्यातून गाणे निघाले आणि एकदा हेरगिरी. पत्र्याला केवळ अंतर कळते. त्या अंतराचे काय करावयाचे, हे मनुष्य ठरवितो. आणि पुष्कळदा ते ठरविण्याचे स्वातंत्र्य खुद्द संशोधकालाही नसते, हे तेर्मेनच्या आयुष्याकडे पाहून मनाला चटका लावून जाते.

आज हेच तत्त्व आपल्या खिशात आहे. मोबाइलच्या काचेखाली धारित्रांची अतिसूक्ष्म जाळी असते. बोट टेकताच तेथील धारिता बदलते व बोट कोठे आहे, हे यंत्राला समजते. कोरड्या लाकडी काडीने मात्र ते समजत नाही. मोबाइल आडवा धरला की चित्रही आडवे होते, कारण आत सिलिकॉनचे चिमुकले दाते समोरासमोर असतात आणि हालचालीने त्यांमधील अंतर बदलते. मोटार जोराने आदळताच प्रवाशापुढे हवेची पिशवी फुगते, तीही बहुधा अशाच दात्यांच्या इशाऱ्यावरून. चाहूल घेणारी सर्वच यंत्रे या जातीची नसतात. माणूस आत येताच आपोआप लागणारे पुष्कळसे दिवे त्याच्या शरीरातून निघणाऱ्या उष्णतेच्या किरणांवरून त्याला ओळखतात. परंतु हाताच्या केवळ सान्निध्याने यंत्राला बोलते करण्याचा मान त्या तरुण रशियन शास्त्रज्ञाकडे जातो.

१९९१ साली, नव्वदी उलटून गेल्यावर, तेर्मेन पुन्हा अमेरिकेस गेला. तेथे त्याची व क्लाराची अनेक दशकांनंतर भेट झाली. दोन वर्षांनी मॉस्कोत त्याचे देहावसान झाले.

मुलांनो, प्रयोगशाळेत तुमचे उत्तर पुस्तकातील उत्तराशी जुळले नाही, तर ते घाईने खोडून टाकू नका. चूक असेल तर ती दुरुस्त कराच. परंतु ती का झाली, हे आधी विचारा. तेर्मेनने हात मागे घेतला नाही, म्हणूनच त्याला ते गाणे ऐकू आले.

शब्दार्थ
वीजरोधक – ज्यातून वीज वाहत नाही असा. एकस्व – शोधावरील कायदेशीर हक्क. सान्निध्य – जवळ असणे. आंदोलन – पुन्हा पुन्हा होणारी पुढेमागे हालचाल.

स्वाध्याय
१. धारिता कोणकोणत्या गोष्टींवर अवलंबून असते?
२. तेर्मेनच्या उपकरणातील 'खोड' कोणती? त्याने तिचा उपयोग कसा करून घेतला?
३. तंबोऱ्याच्या तारांचे उदाहरण लेखकाने कशासाठी दिले आहे?
४. 'पत्र्याला केवळ अंतर कळते. त्या अंतराचे काय करावयाचे, हे मनुष्य ठरवितो.' या विधानाचे पाठाच्या आधारे स्पष्टीकरण करा.
५. वाक्यांत उपयोग करा : कान देणे, प्रसिद्धीस येणे, वश करणे, मनाला चटका लावणे.
६. तुमची एखादी चूक तुम्हांला नवीन काही शिकवून गेली असेल, तर तो प्रसंग दहा-बारा ओळींत लिहा.