आईचें काम घरांत कीं घराबाहेर?

(उपदेशक व मंडळीचे वर्ग यांकरितां पाठ. वाचावयाचा भाग : नीतिसूत्रें ३१ : १०-३१)

आई मजुरीस गेली म्हणजे गांव म्हणतो, "पोरें उघड्यावर टाकिलीं." ती घरीं राहिली म्हणजे तोच गांव म्हणतो, "बसून खाते." हे दोन्ही निवाडे पुष्कळदां एकाच ओट्यावर होतात, आणि खेदाची गोष्ट ही कीं, मंडळींतील माणसेंही त्यांत आपला शब्द घालितात. जिच्याविषयीं हें बोलणें चालतें ती बाई त्या वेळीं शेतांत तरी असते, नाहीं तर चुलीपुढें. तिचें म्हणणें कोणी विचारीत नाहीं. म्हणून या प्रश्नाचा शांतपणें विचार करावा असें आम्हांस वाटतें.

१. ही चाल किती जुनी?

आईनें घरींच राहावें ही वाडवडिलांची रीत आहे, असें पुष्कळांस वाटतें. परंतु आपल्या आज्यापणज्या काय करीत होत्या तें आठवून पाहा. भाताची लावणी, ज्वारीची खुरपणी, कापसाची वेचणी, यांपैकीं कोणतें काम बायांवांचून झालें? कुंभाराच्या घरीं माती मळणें व विणकराच्या घरीं कांड्या भरणें यांस आईचाच हात लागे. कामाची जागा व राहण्याची जागा जवळ असल्यामुळें मूल झोळींत असे व आई हांकेच्या अंतरावर असे. बायको घरीं बसविणें ही सुस्थितीची खूण होती. ज्यांस परवडे त्यांची ती रीत होती, आणि ज्यांस परवडत नसे तेही ती मनांत मोठी मानीत.

घर व काम यांची खरी फारकत गिरण्यांनीं केली. मुंबईंत पहिली कापडगिरणी १८५६ सालीं चालूं झाली, व पुढें हजारों बाया तेथें कामास लागल्या. मागें राहिलेलें मूल दिवसभर निजून राहावें म्हणून त्यास अफूची बाळगोळी देण्याची घातक चाल पडली. या आयांना माया नव्हती काय? माया होती; मूल ठेवण्यास जागा नव्हती. अशा बायांच्या बाळंतपणाची कांहीं सोय व्हावी म्हणून १९२८ सालीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत एक बिल आलें. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्यास पाठिंबा दिला, व १९२९ सालीं त्याचा कायदा झाला. सबंध देशाकरितां कायदा १९६१ सालीं आला, आणि २०१७ सालच्या दुरुस्तीनें पहिल्या दोन अपत्यांच्या वेळची रजा २६ आठवड्यांची झाली. शेतमजूर बाईच्या पदरीं मात्र त्यांतलें फारसें कांहीं पडलें नाहीं.

अमेरिकेंतील विदुषी क्लॉडिया गोल्डिन यांनीं आपल्या देशाचे सुमारें दोनशें वर्षांचे दाखले तपासून असें दाखविलें कीं, शेतीच्या काळीं विवाहित स्त्रिया पुष्कळ काम करीत, कारखाने आल्यावर त्या मागें हटल्या, व विसाव्या शतकांत पुन्हां पुढें आल्या. अशा अभ्यासाबद्दल त्यांस २०२३ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. सारांश, आईनें घरीं राहणें हा कांहीं सृष्टिनियम नव्हे. कामाची तऱ्हा बदलली कीं रीतही बदलते.

२. सद्गुणी स्त्रीचें चित्र

वर सांगितलेल्या शास्त्रभागांतील स्त्री पाहा. ती रात्र सरण्यापूर्वीं उठून घरच्यांच्या अन्नाची तजवीज करिते. तीच पारखून शेत विकत घेते, स्वतःच्या कमाईनें द्राक्षमळा लाविते, आणि वस्त्रें व कमरबंद करून व्यापाऱ्यांस विकिते. घर व बाहेर अशी भिंत तिच्या आयुष्यांत कोठेंच दिसत नाहीं.

आणखी एक गोष्ट आपण वाचतांना सहज ओलांडून जातों. त्या स्त्रीच्या हाताखालीं दासी होत्या. जिची एवढी स्तुति झाली तिनेंही सर्व एकटीनें केलें नाहीं. आपल्या मंडळींतील मजूर आईची दासी कोण? बहुधा तिची आठ-दहा वर्षांची थोरली मुलगी. शाळेंत जावयाची ती पोर धाकट्या भावंडास कडेवर घेऊन झाडाखालीं बसते. या प्रश्नाची खरी किंमत तीच भरिते, आणि तिच्याविषयीं ओट्यावर कोणी बोलत नाहीं.

३. दोन्ही निवाडे कां चुकतात?

"घरीं राहा" हा उपदेश बीड जिल्ह्यांतील ऊसतोड करणाऱ्या बाईस करून पाहा. तेथें नवरा व बायको मिळून एक "कोयता" धरितात, आणि उचल हंगामापूर्वींच घेतलेली असते. ती घरीं राहिली तर कोयता मोडतो, आणि उचल फिटत नाहीं. अशा मुलांकरितां हंगामी वसतिगृहें व साखरशाळा निघाल्या. त्यांनीं जें साधलें तें नुसत्या उपदेशानें कधीं साधलें नसतें.

"बसून खाते" हा बोलही तितकाच खोटा. २०१९ सालीं देशांत वेळेच्या वापराची सरकारी पाहणी झाली. तींत १०० पैकीं सुमारें ८१ स्त्रिया घरचें बिनमजुरीचें काम करितांना आढळल्या. पुरुष मात्र १०० पैकीं सुमारें २६. हें काम करणाऱ्या स्त्रियांस त्यांत दिवसाचीं २९९ मिनिटें, म्हणजे जवळजवळ पांच तास लागत, आणि करणाऱ्या पुरुषांस ९७ मिनिटें. मजुरीहून आलेल्या बाईसही हेंच काम पुढें वाढून ठेविलेलें असतें.

तथापि तान्ह्या मुलाचा हक्क आम्ही हलका मानीत नाहीं. पहिले सहा महिने मुलास आईचेंच दूध हवें, हें आरोग्यशास्त्राचें स्पष्ट सांगणें आहे. तेवढा काळ आईस जड कामांतून सोडवावें, किंवा मूल तिच्याजवळ राहील असें करावें. जिला घरीं राहतां येतें व राहण्याची इच्छा आहे, तिनें त्याची लाज बाळगूं नये. परंतु ही जबाबदारी एकट्या आईची नव्हे. बापाची आहे, सासूची आहे, आणि मंडळीचीही आहे.

४. मंडळीनें काय करावें?

मूल संभाळणें हें काम आहे व त्यास मोल आहे, ही गोष्ट प्रथम मान्य करावी. १९६९ सालीं मीरा महादेवन यांनीं दिल्लींत बांधकामाच्या जागेवरच मजूर बायांच्या मुलांकरितां पाळणाघर काढिलें. २००५ सालच्या रोजगार हमीच्या कायद्यांत असें लिहिलें होतें कीं, कामावर सहा वर्षांखालील पांच किंवा अधिक मुलें आलीं तर त्यांतील एका बाईस त्यांजकडे पाहण्यास नेमावें व मजुरी द्यावी. अंगणवाड्या १९७५ पासून चालूं आहेत, परंतु त्या कांहीं तासच उघड्या असतात, आणि शेताचा दिवस मोठा असतो.

तेव्हां सुगीच्या व लावणीच्या दिवसांत मंडळीनें एक खोली किंवा पडवी मोकळी करावी. दोन वडीलधाऱ्या बायांनीं तेथें मुलें संभाळावीं, व प्रत्येक घरानें त्यांस पायलीभर धान्य द्यावें. थोरल्या मुलीस शाळेंत पाठवावें. पुरुषांनीं पाणी भरावें, सरपण आणावें, आणि रात्रीं मूल मांडीवर घेण्यास लाजूं नये. उपदेशक बंधूंनीं हें आधीं आपल्या घरीं करून दाखवावें. शास्त्रभागाच्या शेवटीं त्या स्त्रीचीं कामें वेशींत तिची स्तुति करोत असें म्हटलें आहे. आपल्या वेशींत काय बोललें जातें?

वर्गांत विचारावयाचे प्रश्न

१. आपल्या मंडळींत अशा किती आया आहेत, कीं ज्या कामावर गेल्यावर त्यांच्या मुलांजवळ मोठें माणूस नसतें?
२. भावंडाकरितां कोणती मुलगी शाळा चुकविते? तिच्याऐवजीं कोण बसेल?
३. आजपर्यंत ज्या आईस आपण नांवें ठेविलीं, तिला या हंगामांत आपण कोणती मदत करूं?